विश्लेषण : धुतलेल्या कपड्यांवर ग्रीसचे डाग कशामुळे? वॉशिंग मशीनची गळती कशी ओळखावी, दुरुस्ती कशी करून घ्यावी?

धुवायला टाकलेला पांढरा सदरा मशीनमधून बाहेर येतो आणि त्याच्या पाठीवर बोटाएवढा काळा, तेलकट डाग दिसतो. पुन्हा धुतला की डाग आणखी पसरतो. काही दिवसांनी मशीनखालच्या फरशीवर तांबूस ओघळ दिसू लागतो आणि कपडे पिळताना मशीन घरघरते. एक मेकॅनिक सांगतो, ‘गिअर बॉक्स गेला.’ दुसरा म्हणतो, ‘आता यात पैसे घालू नका, नवीन घ्या.’ बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या गावात मशीन असेल तर ते टेम्पोत घालून शहरात न्यायचे की मेकॅनिकची वाट पाहायची, हा आणखी एक प्रश्न असतो. प्रत्यक्षात अनेकदा या सगळ्याच्या मुळाशी एक छोटे रबरी सील असते. ते वेळीच बदलले तर खर्च आटोक्यात राहतो. दुर्लक्ष केले तर बेअरिंग, शाफ्ट आणि शेवटी पूर्ण टब बदलण्याची वेळ येते. डाग कुठे पडतो, त्याचा रंग कोणता आणि तो कधी दिसतो, एवढे नीट पाहिले तरी बिघाडाचा बराच अंदाज घरबसल्या येतो.

मशीनमध्ये ग्रीस असते कुठे?

कपडे धुण्याच्या यंत्रात ग्रीस कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण जिथे धातू फिरतो तिथे वंगण लागतेच. ग्रीस प्रामुख्याने चार ठिकाणी असते. पहिले, ड्रमचा शाफ्ट ज्या बेअरिंगवर फिरतो त्या बेअरिंगच्या आत. दुसरे, वरून झाकण असलेल्या मशीनच्या गिअर बॉक्समध्ये. तिसरे, टबला झोके सहन करायला मदत करणाऱ्या सस्पेन्शन रॉडच्या किंवा शॉकअब्सॉर्बरच्या आत. चौथे, रबरी सीलच्या ओठावर. सील शाफ्टवर घासून झिजू नये म्हणून जोडणी करताना तिथे ग्रीसचा पातळ थर दिलेला असतो.

यातील एकाही ठिकाणाचे ग्रीस कपड्यांपर्यंत पोहोचणे अपेक्षित नसते. पाण्याचा भाग आणि ग्रीसचा भाग यांच्यामध्ये सील असते. ते पाणी आत जाऊ देत नाही आणि ग्रीस बाहेर येऊ देत नाही. त्यामुळे कपड्यांवर ग्रीस दिसले की सीलपलीकडे पाणीही गेले असणार, असे समजून चालावे. डाग नुसता दिसायला वाईट असतो. खरे नुकसान आत शिरलेले पाणी करते.

सील गेल्यावर आत काय घडते?

फ्रंट लोड मशीनचा ड्रम पिळताना मिनिटाला साधारण १००० ते १४०० फेरे घेतो. ओल्या कपड्यांचे वजन सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला शाफ्टला हिसका बसतो. हे सगळे ओझे बेअरिंगमधील पोलादी गोळ्या पेलतात. सीलचा ओठ झिजला की साबणाचे पाणी थेंबाथेंबाने बेअरिंगपर्यंत पोहोचते. साबणाचे कामच तेलकटपणा सोडवण्याचे असल्यामुळे ते बेअरिंगमधील ग्रीसही सोडवते. ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, उघड्या पडलेल्या गोळ्यांना गंज चढतो आणि गंजाचे कण मिसळलेले तांबूस-काळे ग्रीस बाहेर येऊ लागते.

सुरुवातीला फक्त डाग दिसतो. मग आवाज येतो. त्यानंतर ड्रम डगमगू लागतो. या क्रमात दुरुस्तीचा खर्च प्रत्येक टप्प्यावर वाढत जातो. म्हणून डाग दिसला त्या आठवड्यात तपासणी करणे सर्वांत स्वस्त पडते.

प्रत्येक तेलकट डाग ग्रीसचाच असतो का?

नाही. मेकॅनिकला बोलावण्याआधी दोन शक्यता बाजूला काढायला हव्यात.

पहिली शक्यता साबणाच्या साक्याची. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. त्यात अंगाचा तेलकटपणा आणि फॅब्रिक कंडिशनर मिसळले की टबच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या जागी, राखाडी-काळा थर जमतो. नेहमी थंड पाण्यात कपडे धुतले तर हा थर वाढतच जातो. पुढे त्याचे पापुद्रे सुटून कपड्यांवर बसतात. ते बोटाला बुळबुळीत लागतात आणि ग्रीससारखेच दिसतात, पण मशीनचा कोणताही भाग बिघडलेला नसतो.

दुसरी शक्यता कपड्यांचीच. बारामती एमआयडीसीत वाहन आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या गावांची ओळखच साखर कारखान्यांची. त्यात घरोघरी ट्रॅक्टर आणि विहिरीवरची मोटर. गाळप हंगामात कारखान्यातून आलेले किंवा ट्रॅक्टरला ग्रीस मारताना घातलेले कपडे घरच्या कपड्यांसोबत मशीनमध्ये गेले तर त्यांचे ग्रीस सुटून टबला आणि इतर कपड्यांना लागते. पुढच्या दोन-तीन धुण्यांतही त्याचा अंश उतरत राहतो. असे कपडे आधी हाताने धुऊन घ्यावेत. डिझेल, पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर लागलेले कपडे तर मशीनमध्ये अजिबात टाकू नयेत. त्यांची वाफ बंद टबात साठली आणि ठिणगी पडली तर आग लागू शकते.

घरच्या घरी कसे ओळखावे?

यासाठी मशीन उघडावे लागत नाही. जुने पांढरे फडके, दोन-चार जुनी वर्तमानपत्रे आणि अर्धा दिवस पुरेसा आहे.

पांढऱ्या फडक्याची चाचणी : टब आतून पुसून घ्या. त्यात फक्त दोन-तीन जुनी, स्वच्छ, पांढरी फडकी टाका आणि साबणाशिवाय पूर्ण फेरी चालवा. फडकी स्वच्छ निघाली तर डाग बहुधा कपड्यांतून आलेला आहे. राखाडी पापुद्रे आले तर साका. काळा, चकाकणारा आणि बोटाने पसरणारा डाग आला तर गिअर किंवा सीलच्या बाजूचे ग्रीस. तांबूस छटा असेल तर गंजू लागलेले बेअरिंग. एका फेरीवर निष्कर्ष काढू नका, चाचणी दोनदा करा.

कागदाची चाचणी : डाग कोरड्या कागदावर घासा आणि कागद रात्रभर ठेवा. पाण्याचा डाग वाळून जातो. ग्रीसभोवती मात्र उजेडाकडे धरल्यावर पारदर्शक दिसणारे तेलकट वर्तुळ राहते. पापुद्रा कोमट पाण्यात साबणासोबत चोळल्यावर कुस्करून विरला तर तो साक्याचा असण्याची शक्यता जास्त. काळी पूड कोरडी असेल आणि तेलकट नसेल तर ती झिजलेल्या बेल्टची असू शकते.

वर्तमानपत्राची चाचणी : मशीनखाली कागद पसरा आणि मशीनचे चार कोपरे त्यावर पेनाने आखून घ्या. मग पाणी भरून, मोटर न चालवता अर्धा तास थांबा. त्यानंतर कागद बदला आणि पूर्ण फेरी चालवा. उभे पाणी असतानाच थेंब पडले तर सील, पाइप किंवा टबला गळती आहे. फक्त फिरताना पडले तर शाफ्टच्या बाजूचा संशय बळावतो. टॉप लोड मशीनमध्ये डाग मधोमध असेल तर गिअर बॉक्स किंवा शाफ्ट, आणि कोपऱ्याजवळ असेल तर सस्पेन्शन. फ्रंट लोडमध्ये मागच्या बाजूचा डाग बेअरिंगकडे बोट दाखवतो. पुढच्या कडेला नुसते पाणी असेल तर दाराचे रबर किंवा पंपाचा फिल्टर तपासा.

हाताची चाचणी : प्लग काढून ठेवा. फ्रंट लोडचा रिकामा ड्रम हाताने फिरवा. तो गुळगुळीत आणि जवळजवळ आवाज न करता फिरायला हवा. खरखर जाणवली तर बेअरिंग खराब होत आहे. आता ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रमसोबत बाहेरचा टबही हलत असेल तर ते सस्पेन्शनचे नेहमीचे झुलणे आहे. टब जागेवर राहून फक्त ड्रम खटखटत असेल तर बेअरिंगमध्ये खेळ आला आहे.

एक सूचना या सगळ्याच्या आधी : मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कोणतीही चाचणी करू नका. मेन स्विच बंद करा, प्लग काढा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या. सीलमधून गळणारे पाणी अनेक मशीनमध्ये थेट मोटरवर पडते.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये दुरुस्ती कशी होते?

दोन टबांच्या मशीनचे काम तुलनेने सोपे आहे. धुण्याच्या टबात तळाशी फिरणारी चक्री, म्हणजे पल्सेटर, असते. तिच्याखाली सील आणि अनेक मॉडेलमध्ये ग्रीस भरलेला छोटा गिअर बॉक्स असतो. चक्रीखाली केस, दोरे, नाणे किंवा वाळू अडकली की ती सीलच्या ओठावर घासत राहते.

चक्रीच्या मधला स्क्रू काढून चक्री वर उचलणे आणि खालची घाण साफ करणे हे काम प्लग काढून घरीही करता येते. तिथे काळे ग्रीस वर आलेले दिसले तर सील गेले असे समजावे. त्यापुढचे काम मेकॅनिकचे. मागचे झाकण काढून बेल्ट आणि पुली सोडवली जाते, खालचा नट काढून गिअर बॉक्स बाहेर घेतला जातो. आत पाणी गेले नसेल तर नुसते सील बदलून भागते. आतले ग्रीस दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. मग बहुतेक वेळा पूर्ण गिअर बॉक्सच बदलतात, कारण तो एकसंध मिळतो आणि उघडून भरण्यापेक्षा बदलणे टिकाऊ ठरते.

ड्रायरच्या बाजूला शाफ्टभोवती घडीघडीचे रबर असते. ते फाटले की पाणी खालच्या मोटरवर पडते. या कामात एक धोका लक्षात ठेवावा. मोटरला जोडलेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ विजेचा भार धरून ठेवू शकतो. त्यामुळे मागचे झाकण उघडून आतल्या वायरींना हात लावण्याचा प्रयोग घरी करू नये.

टॉप लोड आणि फ्रंट लोडमध्ये फरक काय?

पूर्ण स्वयंचलित टॉप लोड मशीनमध्ये टबाखाली गिअर, क्लच आणि ब्रेक यांची एकत्र जोडणी असते. धुताना फक्त चक्री फिरवायची आणि पिळताना पूर्ण टब, हे काम ती करते. तिचे सील गेले की मशीनखाली मधोमध काळा डाग पडतो. तेल बेल्टवर गेले तर बेल्ट घसरतो, कपडे नीट पिळले जात नाहीत आणि जळका वास येतो. येथेही साधारणपणे पूर्ण जोडणी बदलली जाते. डाग कोपऱ्यात असेल आणि पिळताना मशीन उड्या मारत असेल तर मात्र सस्पेन्शन रॉड बदलणे पुरते. हे काम बरेच स्वस्त आणि लवकर होणारे आहे. त्यामुळे ‘गिअर बॉक्स गेला’ हे ऐकल्यावर आधी वर्तमानपत्रावरचा डाग मेकॅनिकला दाखवा.

फ्रंट लोडचे काम सर्वांत मोठे असते. ड्रमच्या मागे दोन बेअरिंग आणि त्यांच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, एक सील असते. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी वरचे झाकण, पुढचा पत्रा, टबला बांधलेली वजने, स्प्रिंग, पंपाचे पाइप, हीटरच्या वायरी असे सारे काढून टब बाहेर घ्यावा लागतो. मग टबचे दोन भाग वेगळे करून ड्रम काढला जातो. जुनी बेअरिंग ठोकून काढणे, बैठक साफ करणे, नवी बेअरिंग दाबून बसवणे आणि सर्व काही पुन्हा जोडणे यात जवळपास पूर्ण दिवस जातो. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढणारा मेकॅनिक वायरी चुकीच्या जोडत नाही.

बेअरिंगवर छापलेला क्रमांक पाहून घ्यावा. ६२०५ या क्रमांकातील शेवटचे दोन अंक, म्हणजे ०५, पाचने गुणले की आतला व्यास २५ मिलिमीटर निघतो. ६२०६ चा ३० मिलिमीटर. याच मालिकेतील बेअरिंग पाण्याच्या मोटरींतही वापरतात, त्यामुळे ती तालुक्याच्या गावी मिळणे अवघड नसते. क्रमांकापुढे ‘२आरएस’ असेल तर बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना रबराचे आवरण आहे आणि ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याचे. मूळ बेअरिंग कोणत्या प्रकारचे होते ते पाहूनच नवे घ्यावे. सीलचे मात्र तसे नाही. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे आकडे असतात आणि ओठाची रचना मॉडेलनुसार बदलते. ‘जवळपासच्या मापाचे’ सील बसवले तर काही महिन्यांत डाग परत येतो.

काही मॉडेलमध्ये टबचे दोन्ही भाग कारखान्यातच कायमचे जोडलेले असतात. अशा वेळी कंपनी पूर्ण टब बदलायला सांगते. काही मेकॅनिक टब कापून, बेअरिंग बदलून तो बोल्ट आणि सीलंटने पुन्हा जोडतात. ही दुरुस्ती चालू शकते, पण तिची हमी फक्त त्या मेकॅनिकची असते, कंपनीची नाही. हे आधीच बोलून घ्यावे.

वरून ग्रीस भरले तर चालेल का?

ट्रॅक्टरला आणि बैलगाडीच्या आसाला ग्रीस देण्याची सवय असलेल्या भागात हा उपाय चटकन सुचतो. पण तो चुकीचा आहे. ट्रॅक्टरच्या निपलमधून भरलेले ग्रीस जुने, घाण ग्रीस बाहेर ढकलते. मशीनच्या बंद बेअरिंगमध्ये तशी सोय नसते. वरून चोपडलेले ग्रीस बेअरिंगच्या आत जात नाही, उलट पुढच्या धुण्याला कपड्यांवर येते. शिवाय काही प्रकारचे रबर खनिज तेलाच्या संपर्काने फुगते आणि सील आणखी सैल बसते. गंज सोडवणारा स्प्रे मारल्यास दोन दिवस आवाज कमी होतो, पण तो उरलेले ग्रीसही पातळ करतो. नवे सील बसवताना त्याच्या ओठावर पाण्याला टिकणारे, त्या कामासाठीचेच ग्रीस लावावे लागते, तेही मोजके.

बारामती-इंदापुरात काय वेगळी काळजी घ्यावी?

पहिला मुद्दा पाण्याचा. ब्रिटिश काळापासून वाहणारा नीरा डावा कालवा, इंदापूरच्या बाजूला उजनीचे बॅकवॉटर आणि या दोन्हींच्या मधल्या भागात विहिरी व बोअर अशी या पट्ट्याची स्थिती आहे. कालव्याखालच्या बारमाही उसाच्या भागात क्षारपड आणि चोपण जमिनींचा प्रश्न जुना आहे. जिथे जमिनीत क्षार साठतात तिथे विहिरीच्या पाण्यातही ते उतरतात. जड पाण्याने शाफ्टवर क्षाराचा खरखरीत थर बसतो आणि सीलचा ओठ त्यावर घासला जातो. बोअरच्या पाण्यातून येणारी बारीक वाळू हेच काम आणखी वेगाने करते.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासणी होते. अनेक शेतकऱ्यांकडे विहिरीच्या पाण्याचा अहवाल आधीच असतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर या एककात दिले असेल तर दोन्हींची बेरीज करून ५० ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे कठीणपणा. उदाहरणार्थ, बेरीज ८ असेल तर कठीणपणा ४००. आकडा मोठा असेल तर मशीनसाठी कालव्याच्या किंवा नळाच्या पाण्याची वेगळी टाकी जोडता येते का ते पाहावे. नळ आणि मशीनच्या मधली जाळी दर महिन्याला धुवावी.

दुसरा मुद्दा गोधडीचा. कोरडी गोधडी टबात बसते, म्हणून ती धुता येते असे वाटते. पण भिजल्यावर तिचे वजन कित्येक पटींनी वाढते आणि ती एका बाजूला गोळा होते. पिळताना त्याचा सगळा हिसका शाफ्टला आणि सीलला बसतो. सतरंज्या, जाड चादरी आणि गोधड्या मशीनमध्ये भिजवल्या तरी पिळण्यासाठी बाहेर काढलेल्या बऱ्या.

तिसरा मुद्दा वाहतुकीचा. पुण्यात नोकरी करणारी मुले नवे मशीन घेतात आणि जुने गावी पाठवतात. फ्रंट लोड मशीन हलवताना मागच्या बाजूला ट्रान्झिट बोल्ट लावून टब घट्ट करावा लागतो. ते न लावता मशीन टेम्पोत टाकले तर वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला टब आदळतो. गावी पोहोचल्यावर ते बोल्ट काढायला विसरले तरीही तितकेच नुकसान होते. आणि पडवीत किंवा गच्चीवर मशीन ठेवताना चारही पाय फरशीवर सारखे टेकले आहेत ना, हे पाहावे.

दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

एक ढोबळ नियम सांगितला जातो. मशीन आठ-दहा वर्षांपेक्षा जुने असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त येत असेल तर विचार करावा. पण हा नियम लावण्याआधी बिघाड नेमका कोणता हे कळायला हवे. सीलचा बिघाड गिअर बॉक्सच्या भावाने मोजला तर चांगले मशीन भंगारात जाते.

वॉरंटी कार्डही बारकाईने वाचावे. जाहिरातीतील दहा वर्षांची वॉरंटी बहुतेक वेळा फक्त मोटरची असते. सील, बेअरिंग, गिअर बॉक्स तिच्यात येत नाहीत. बंद पडलेल्या ब्रँडच्या मशीनचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात एकेकाळी घराघरांत पोहोचलेल्या व्हिडिओकॉनवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशा मशीनसाठी बेअरिंग क्रमांकावर मिळतात, पण टब किंवा गिअरची जोडणी बाजारात खरोखर उपलब्ध आहे का, हे मशीन उघडण्यापूर्वी विचारावे.

मशीन टाकूनच द्यायचे ठरले तर लक्षात ठेवावे, की वॉशिंग मशीन हा ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत त्याचा समावेश आहे. त्यामुळे नवे घेताना जुने परत घेणाऱ्या विक्रेत्याला प्राधान्य द्यावे.

मेकॅनिकला काय विचारावे, तक्रार कुठे करावी?

काम देण्याआधी पाच गोष्टी ठरवून घ्याव्यात. सुट्या भागांचा, मजुरीचा आणि वाहतुकीचा खर्च वेगवेगळा सांगावा. सील आणि दोन्ही बेअरिंग एकाच वेळी बदलावीत, कारण सगळी मजुरी मशीन उघडण्याचीच असते. शाफ्टवर सील जिथे बसते तिथे खाच पडली आहे का ते दाखवावे. खाच असेल तर नवे सीलही गळते. मग लेथवर ती जागा दुरुस्त करणे किंवा शाफ्ट बदलणे भाग असते. काढलेले जुने भाग परत द्यावेत. काम झाल्यावर वर्तमानपत्राची आणि पांढऱ्या फडक्याची चाचणी आपल्यासमोर करून दाखवावी.

आणि बिल घ्यावे. दिलेल्या सेवेचे बिल न देणे हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करता येतो, म्हणजे त्यासाठी पुण्याला हेलपाटा मारावा लागत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केले आहे. त्यावर घरगुती उपकरणांसोबत शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि वाहनांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती देण्याचा उद्देश आहे.

डाग पडलेल्या कपड्यांचे काय?

डाग पाण्याने भिजवण्याआधी त्यावर भांडी घासण्याचे लिक्विड लावून १०-१५ मिनिटे ठेवावे, हलके चोळावे आणि कापड सहन करील तेवढ्या गरम पाण्याने हाताने धुवावे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये, उष्णतेने तो पक्का होतो. तेलकटपणा गेल्यावर तांबूस छटा राहिली तर ती गंजाची. तिच्यावर लिंबाचा रस चालतो, ब्लीच नाही. ब्लीचने गंजाचा डाग उलट गडद होतो. ब्लीच आणि लिंबू किंवा कोणतेही आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फडक्याच्या चाचणीत साका निघाला असेल तर मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेली टब-सफाईची फेरी महिन्यातून एकदा चालवावी. पावडर प्रमाणात वापरावी, कंडिशनर कमी करावा आणि धुणे झाल्यावर झाकण तासभर उघडे ठेवावे.

ग्रीसच निघाले असेल तर मात्र पुढचे धुणे थांबवा. डाग पडलेला वर्तमानपत्राचा कागद आणि पांढरे फडके जपून ठेवा आणि मेकॅनिक आला की आधी त्याच्या हातात द्या. मग ‘गिअर बॉक्स गेला’ म्हणणाऱ्याला तो कशावरून गेला, हे त्या कागदावर बोट ठेवून सांगावे लागेल.